मानपाड्याच्या घरांनी १५ वर्षं कार्बनची किंमत भरली. ते पैसे गेले कुठे?

मानपाडा म्हटलं की आधी विचारावं लागतं, कुठला? ठाण्याचा की डोंबिवलीचा? ठाण्याचा मानपाडा घोडबंदर रोडवर, टिकुजीनी वाडीकडे वळतो तिथला. डोंबिवलीचा मानपाडा पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूचा. एकाच्या दारातून ट्रकच्या रांगा जातात, दुसऱ्याच्या शेजारी एमआयडीसीची धुराडी आहेत.

पण दोन्हीकडच्या घरांमध्ये एक गोष्ट सारखी होती. जुलै २०१० पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत इथले लोक विजेच्या दरातून कोळशावरचा एक खास कर भरत होते. बिल काढून बघा. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क, इंधन समायोजन आकार असं सगळं छापलेलं असतं. त्यात या कराचं नाव कधीच नव्हतं. तो विजेच्या दरातच मिसळून गेला होता.

हा कर म्हणजे भारताने कार्बनला लावलेली पहिली मोठी किंमत. आता तो गेलाय आणि त्याच सुमारास देशात 'कार्बन बाजार' नावाची नवी व्यवस्था उभी राहतेय. हे सगळं नेमकं काय आहे? तुमच्या खिशाला आणि डोंबिवलीच्या हवेला त्याचा काही फरक पडणार का? एकेक करून बघू.

कार्बनला किंमत लावायची म्हणजे काय?

कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळला की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हवा तापते, पाऊस लहरी होतो, नुकसान सगळ्यांचं होतं. पण जाळणाऱ्याला त्या नुकसानाचे पैसे द्यावे लागत नाहीत. इमारतीतल्या एकाने कचरा जिन्यात टाकावा आणि साफसफाईचा खर्च सगळ्यांनी मिळून भरावा, तसा हा प्रकार.

अर्थशास्त्रज्ञांचा उपाय साधा आहे. जो जितका धूर सोडेल त्याने तितके पैसे द्यावेत. मोजायचं माप आहे एक टन कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे स्कूटरने सुमारे ४३५ लिटर पेट्रोल पिलं की एक टन झाला.

एकदा टनाला भाव लागला की हिशोब बदलतो. जुना बॉयलर चालू ठेवायचा की नवा घ्यायचा, कोळसा की सौर, या प्रत्येक निर्णयात धुराचा खर्च दिसायला लागतो. मुंबईच्या महिंद्रा अँड महिंद्राने २०१६ मध्ये कुणी सक्ती केलेली नसताना स्वतःपुरता असा भाव ठरवला होता, टनामागे १० डॉलर. कुठल्या यंत्रावर पैसे घालायचे हे ठरवताना धुराचाही खर्च धरायचा, हा त्यामागचा विचार.

कर की बाजार?

किंमत लावायचे मुख्य दोन मार्ग आहेत.

पहिला कराचा. सरकार सांगतं, टनाला इतके रुपये. फिनलंडने १९९० मध्ये जगात सर्वांत आधी असा कर लावला, पुढच्याच वर्षी स्वीडनने.

दुसरा बाजाराचा. हा समजायला पाण्याच्या टंचाईचं उदाहरण घेऊ. समजा, सोसायटीने ठरवलं की टँकरच्या पाण्यातून प्रत्येक घराला महिन्याला ठरावीक पाणी. ज्याने कमी वापरलं त्याने उरलेलं शेजाऱ्याला विकावं. ज्याला जास्त लागतं त्याने विकत घ्यावं. एकूण पाणी तेवढंच राहतं, पण वाचवणाऱ्याच्या हातात पैसे येतात. पाण्याच्या जागी धूर ठेवा, कार्बन बाजार तयार. युरोपियन युनियनने २००५ मध्ये असा बाजार सुरू केला. त्यात येणाऱ्या वीजकेंद्रांचं आणि कारखान्यांचं उत्सर्जन तेव्हापासून जवळपास निम्म्यावर आलंय.

जागतिक बँकेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात असे कर आणि बाजार मिळून ८० व्यवस्था चालू आहेत. जगातलं सुमारे २८ टक्के उत्सर्जन त्यांच्या कक्षेत येतं.

मग भारताने काय केलं?

२०१० च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी कोळशावर 'स्वच्छ ऊर्जा उपकर' लावला. टनाला ५० रुपये. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये थेट ४००. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा उपकराचं नाव बदललं, पण ४०० रुपये तसेच राहिले.

आता मानपाड्यातल्या एका घराचा हिशोब करू. कोळशाच्या केंद्रात एक युनिट वीज बनवायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. टनाला ४०० रुपये म्हणजे किलोला ४० पैसे. म्हणजे एका युनिटमागे २४ ते २८ पैसे. महिन्याला ३०० युनिट जाळणाऱ्या घराची सगळी वीज कोळशाची धरली, तर हे झाले ७२ ते ८४ रुपये. प्रत्यक्षात ग्रिडमध्ये पाणी, वारा, सूर्याचीही वीज असते, त्यामुळे आकडा थोडा कमी धरा. तरी वर्षाचे काहीशे रुपये होतातच.

हे पैसे थेट कुणी मागायला आलं नाही. चंद्रपूर, कोराडी, भुसावळसारखी वीजकेंद्रं कोळसा विकत घेताना उपकर भरायची, तो खर्च विजेच्या दरात यायचा आणि तारांमधून तुमच्या मीटरपर्यंत पोहोचायचा. धूर चंद्रपुरात, बिल डोंबिवलीत.

एक टन भारतीय कोळशातून ढोबळमानाने दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो असं धरलं, तर ४०० रुपये उपकर म्हणजे कार्बनच्या टनामागे साधारण अडीचशे ते पावणेतीनशे रुपये.

आता याच मापाने पेट्रोल बघा. लिटरमागे फक्त १० रुपये कर असता, तरी कार्बनच्या टनामागे तो ४,३०० रुपयांच्या वर जातो. पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट मिळून कर यापेक्षा बराच जास्त आहे. हा कर कार्बनसाठी लावलेला नाही, त्यातून रस्त्यांपासून पगारापर्यंत सगळं चालतं, हे खरं. पण परिणाम काय? मानपाडा रोडवरून स्कूटरने स्टेशन गाठणारा माणूस एका टन धुरामागे कोळशाच्या वीजकेंद्रापेक्षा कितीतरी पट जास्त पैसे मोजतो.

उपकराचे पैसे गेले कुठे?

हा या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

उपकर लावताना सांगितलं होतं की पैसे 'राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी'त जातील आणि त्यातून सौर, पवन ऊर्जा, संशोधन अशी कामं होतील. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात उपकरातून सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. त्यातले निधीत पोहोचले सुमारे २९,६०० कोटी. प्रकल्पांवर वापरले गेले सुमारे १५,९०० कोटी.

म्हणजे जमा झालेल्या दर १०० रुपयांमधले साधारण १८ रुपये ठरलेल्या कामापर्यंत पोहोचले.

२०१७ नंतर तर ठरलेलं कामच बदललं. कोळशाचा उपकर 'जीएसटी भरपाई उपकर' झाला. जीएसटीमुळे राज्यांचं जे उत्पन्न बुडेल त्याची भरपाई यातून करायची होती. भरपाईची पाच वर्षं २०२२ मध्ये संपली, त्यानंतर करोना काळात भरपाईसाठी काढलेलं कर्ज फेडायला उपकर चालू राहिला. राज्यांना पैसे मिळाले, महाराष्ट्रालाही मिळाले, त्यामुळे ते वाया गेले असं म्हणता येणार नाही. पण 'स्वच्छ ऊर्जेसाठी' म्हणून सुरू झालेला कर शेवटी सरकारी तिजोरीची गरज भागवत राहिला. आणि ज्यांनी तो भरला त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

सप्टेंबर २०२५ मध्ये काय झालं?

जीएसटीचे दर बदलले ते आठवत असेल. टीव्ही, छोट्या गाड्या स्वस्त झाल्याच्या बातम्या होत्या. त्याच वेळी २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा ४०० रुपयांचा उपकर काढून टाकला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के केला.

वरवर बघता कर वाढल्यासारखं वाटतं. पण ४०० रुपये हा सपाट आकडा होता. कोळसा भारी असो की हलका, टनाला तेवढेच. त्यामुळे स्वस्त, जास्त राखेच्या कोळशावर त्याचा भार जास्त पडायचा. आता कर किमतीच्या टक्क्यात लागतो, त्यामुळे हलका कोळसा स्वस्त झाला. सरकारच्याच अंदाजानुसार वीज क्षेत्रासाठी टनामागे सरासरी सुमारे २६० रुपये कर कमी झाला आणि वीजनिर्मितीचा खर्च युनिटला १७-१८ पैशांनी उतरला.

ग्राहक म्हणून ही चांगली बातमी. हवामानाच्या बाजूने बघितलं तर कोळसा जाळण्याची किंमत कमी झाली.

मग नवा कार्बन बाजार काय करणार?

२०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात बदल झाला आणि जून २०२३ मध्ये केंद्राने 'कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम' जाहीर केली. ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे तुमच्या फ्रिजवर तारे लावणारी संस्था, ती चालवणार आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांना पहिली लक्ष्यं ठरवून दिली. योजनेच्या यादीत लोखंड-पोलाद, खत, तेलशुद्धीकरण, पेट्रोकेमिकल आणि कापड ही क्षेत्रंही आहेत.

चालणार कसं, ते सिमेंटच्या उदाहरणाने बघू. मानपाड्याच्या आसपास उभे राहणारे टॉवर सिमेंटचेच असतात. एक टन सिमेंट बनवताना किती कार्बन सोडायचा, याचं लक्ष्य प्रत्येक कारखान्याला दिलं जातं. लक्ष्यापेक्षा कमी सोडला तर सर्टिफिकेट मिळतात, एका टनाला एक. ती विकता येतात. जास्त सोडला तर तितकी सर्टिफिकेट विकत घ्यायची. घेतली नाहीत तर बाजारातल्या सरासरी भावाच्या दुप्पट दराने पर्यावरण भरपाई द्यायची.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात.

एक, पैसे सगळ्या धुरावर लागत नाहीत, लक्ष्याच्या वर गेलेल्या धुरावरच लागतात. समजा कारखान्याने एक टन सिमेंटमागे लक्ष्यापेक्षा १० किलो कार्बन जास्त सोडला आणि सर्टिफिकेटचा भाव ८०० रुपये असला. मग त्या टनावर खर्च आला ८ रुपये. ५० किलोच्या गोणीला ४० पैसे. 'कार्बन बाजारामुळे घरं महागणार' असा मेसेज ग्रुपवर आला तर हा हिशोब आठवा. उलट कारखान्याने उत्पादन वाढवलं तर एकूण धूर वाढूही शकतो, कारण लक्ष्य दर टनाचं आहे, एकूण धुराचं नाही. युरोपात एकूण धुरालाच मर्यादा आहे.

दोन, देशात सगळ्यात जास्त कार्बन सोडणारी कोळशाची वीजकेंद्रं या बाजारात सुरुवातीला नाहीत. म्हणजे कोळशावरचा जुना उपकर गेला आणि नव्या बाजारात वीज आली नाही. जिथे किंमत लावायची सगळ्यात जास्त गरज, तिथेच सध्या ती सैल झाली आहे.

डोंबिवली एमआयडीसीचं काय?

इथे रसायनं, औषधं, कापड रंगवणं आणि प्रोसेसिंग, इंजिनीअरिंग असे कारखाने आहेत, बरेचसे लहान आणि मध्यम. नवा बाजार भरपूर ऊर्जा जाळणाऱ्या मोठ्या कारखान्यांसाठी आहे. त्यामुळे एका बॉयलरवर चालणाऱ्या छोट्या प्रोसेस हाऊसला उद्या सर्टिफिकेट घ्यायची वेळ येणार नाही.

पण झळ दुसऱ्या दारातून येऊ शकते. युरोपियन युनियनने आपल्या सीमेवर कार्बनची किंमत वसूल करायची व्यवस्था केली आहे. तिचं नाव 'सीबॅम'. ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यावी लागत होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा टप्पा सुरू झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज त्यात येतात. पोलादाच्या यादीत नट-बोल्टसारख्या वस्तूही आहेत. म्हणजे युरोपला माल पाठवणाऱ्या छोट्या वर्कशॉपलाही विचारणा होऊ शकते: हा माल बनवताना किती कार्बन निघाला, कागद दाखवा. ज्याच्याकडे विजेचा आणि इंधनाचा नीट हिशोब नसेल त्याची ऑर्डर हिशोब ठेवणाऱ्याकडे जाईल. कापड आणि औषधं सध्या या यादीत नाहीत.

या नियमात एक सवलत आहे. माल जिथे बनला तिथेच कार्बनची किंमत भरली असेल तर ती वजा होते. भारताला स्वतःचा बाजार घाईने हवा आहे, त्याचं हे एक मोठं कारण. पैसे भरायचेच असतील तर ते ब्रसेल्सला देण्यापेक्षा इथे राहिलेले बरे.

यामुळे डोंबिवलीची हवा सुधारेल का?

सरळ उत्तर: या बाजारामुळे फारशी नाही.

कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही. डोंबिवलीकरांचं दुखणं वेगळं आहे. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरव्या रंगाचा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पाहणीला आले होते. २००९ च्या केंद्रीय यादीत डोंबिवली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांमध्ये होती. हे रसायनांचं, सांडपाण्याचं, धुळीचं प्रदूषण. कार्बनचा भाव वाढला म्हणून रात्री सुटणारा वास थांबणार नाही.

पण बाजाराची हीच कल्पना थेट धुरावर वापरता येते, आणि त्याचं उदाहरण शेजारच्या राज्यात आहे. सुरतमध्ये २०१९ मध्ये धुरातल्या कणांचा बाजार सुरू झाला, असा जगातला पहिलाच. तिथले बरेच कारखाने कापडाचे, कोळशाच्या बॉयलरवर चालणारे. सगळ्यांच्या धुराड्यांवर मोजणी यंत्रं बसवली, एकूण कणांची मर्यादा ठरवली आणि परवाने विकायची मुभा दिली. संशोधकांनी तीनशेहून जास्त कारखान्यांचा अभ्यास केला. बाजारातल्या कारखान्यांचं कणांचं उत्सर्जन बाहेरच्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी झालं होतं.

लागू कुठे करायची याचा मूळ विचार झाला तेव्हा, २०११ मध्ये, गुजरात आणि तामिळनाडूच्या बरोबरीने महाराष्ट्राचंही नाव होतं. सुरत पुढे गेलं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये कारखान्यांना त्यांच्या धुरानुसार एक ते पाच तारे द्यायची योजना सुरू केली, म्हणजे आकडे लोकांसमोर ठेवायची सुरुवात इथेही झाली. तारे दिसतात, पण कमी ताऱ्यांच्या धुराला किंमत लागत नाही.

लोकांना हे झेपतं का?

जगाचा अनुभव संमिश्र आहे. फ्रान्समध्ये इंधनावरचा कर वाढणार म्हणून नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जॅकेट घालून लोक रस्त्यावर उतरले. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये लावलेली किंमत २०१४ मध्ये मागे घेतली. कॅनडात तर इंधनावरच्या किंमतीचा मोठा भाग कुटुंबांच्या खात्यात परत जमा व्हायचा. तरी पंपावर वाढलेला भाव रोज दिसायचा आणि खात्यात आलेले पैसे विसरले जायचे. शेवटी १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरची ती किंमत काढावी लागली.

इकडे भारताने १५ वर्षं कर घेतला आणि आंदोलन झालं नाही, कारण तो दिसलाच नाही. पण न दिसणाऱ्या कराचा हिशोबही कुणी मागत नाही. ८६ हजार कोटींचं काय झालं यावर मोर्चा निघाला नाही, तो यामुळेच.

आणखी एक अडचण आहे. किंमत वाढवून सवय बदलायची तर दुसरा पर्याय हातात हवा. घोडबंदर रोडवर वेळेवर बस नसेल, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसेल, तर पेट्रोल कितीही महाग करा, माणूस स्कूटर काढणारच. मग किंमत वागणं बदलत नाही, फक्त खिसा रिकामा करते. आणि ज्याची कमाई कमी त्याचा खिसा आधी रिकामा होतो.

थोडक्यात काय?

कार्बनला किंमत लावणं काम करतं, युरोपातल्या आणि सुरतच्या आकड्यांवरून ते दिसतं. पण किती रुपये लावले, एवढ्यावर ते ठरत नाही. यापुढे कार्बन कर, उपकर किंवा बाजार असा शब्द बातमीत आला की तीन प्रश्न विचारा. सगळ्यात जास्त धूर सोडणारा यात आहे का? गोळा झालेले पैसे कुठे जाणार, हे लिहून दिलंय का? आणि त्या पैशातून आपल्या भागात बस, सौर पॅनेल, स्वच्छ बॉयलर यातलं काय येणार?

मागच्या वेळी मानपाड्याने पैसे भरले, पण हे प्रश्न विचारले नाहीत. विचारणार तरी कसे, बिलावर त्या कराचं नावच नव्हतं.